वस्तीच्या गाडीच्या कंडक्टर काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि आगाराच्या पत्त्यावर 'कंडक्टर काका' एवढंच लिहून पाठवलेलं पत्र कुणाच्या हाती पडेल कोण जाणे, म्हणून हे असं उघड लिहितेय. राजापूरकडचं कुणी वाचलं तर तुमच्या कानावर घालेलच.

संध्याकाळी राजापूरहून आडिवऱ्यावरून कशेळीला निघालेली तुमची गाडी. मी पुण्याची, पाठीवरची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेली. बायकांचं अर्धं तिकीट हातात देता देता तुम्ही विचारलंत, "कशेळीत कुणाकडे?" कुणाकडेच नाही, कातळशिल्पं, पठारावरच्या खडकात कोरलेली ती जुनी चित्रं, बघायला आलेय, रात्री कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या, देवळाजवळ सोय होते का बघेन, असं मी म्हटलं. त्यावर तुम्ही जे बोललात ते एसटीच्या कंडक्टरच्या तोंडून अपेक्षित नव्हतं. "सकाळी आमची गाडी धरू नका. आम्ही अंधारात निघतो. तुम्ही उजाडता उजाडता सड्यावर जा. ऊन डोक्यावर आलं की रेघा दिसायच्या बंद होतात, मग नुसतं कातळ बघून याल."

कातळशिल्पांबद्दल मी बरंच वाचून आले होते. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं सडे, म्हणजे ही कातळाची पठारं, पायाखाली घालून ही चित्रं उजेडात आणली. २०२२ साली कशेळी, बारसू, उक्षी, देवीहसोळ, रुंढे तळी, जांभरूण, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. हे सगळं पाठ होतं. पण जांभ्या दगडात जेमतेम काही बोटं खोल असलेली रेघ तिरप्या उन्हात सावली धरते आणि दुपारी पुसल्यासारखी होते, एवढी साधी गोष्ट मला तुमच्याकडून कळली.

पुढचं तर तुम्ही मला न विचारताच ठरवून टाकलंत. आडिवऱ्याला नऊवारीतल्या एक आजी चढल्या, हातात बाजाराची पिशवी. तुम्ही त्यांना माझ्या शेजारी बसवलंत आणि म्हणालात, "ह्या तुमच्याकडे राहतील आज." आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "मासे खातेस ना?" एवढंच विचारलं आणि विषय संपला. तुमची सिंगल बेल, आम्ही दोघी खाली. डबल बेल, गाडी पुढे.

तुमचा शब्द एवढा का चालतो, हे मला त्या तासाभरात गाडीतच दिसलं होतं. ड्रायव्हरच्या सीटमागे दुरुस्त होऊन आलेलं मिक्सरचं भांडं, औषधांच्या दुकानातली चिठ्ठी लावलेली पिशवी, कुणाच्या तरी मुलीची दाखल्याची झेरॉक्स. एकेका फाट्यावर माणूस उभाच असायचा, तुम्ही दारातून सामान द्यायचात, पैशांचा हिशेब 'उद्या बघू'वर जायचा. गाडी रात्री गावातच मुक्कामाला, म्हणजे तुम्हीही. कुणाकडे पाहुणी ठेवता येईल, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला त्रास द्यायचा नाही, हे त्यामुळे तुम्हाला ठाऊक. माझ्या फोनवरच्या नकाशात ते कुठून असणार?

आजींकडे तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं जेवले, पडवीत झोपले. सकाळी त्यांनी जेवणाखाणाचे पैसे सरळ मागून घेतले, आणि मला ते फार बरं वाटलं. 'पैसे कसले घेतेस' म्हणणाऱ्या घरी दुसऱ्यांदा जायला आपल्यालाच संकोच होतो.

सड्यावर आजींचा नातू आला, सातवी-आठवीतला. कशेळीचा तो कातळात कोरलेला हत्ती जवळजवळ अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. मी दगडी गडग्याशी उभी राहून नुसती बघत बसले. पोराने चप्पल काढून ठेवली, मलाही काढायला लावली, आणि हत्तीच्या बाहेरच्या रेघेच्याही बाहेरून मला सावकाश फिरवलं. ही सोंड. हे पुढचे पाय. मग वाकून, काठी कातळाला न टेकवता, हत्तीच्या पोटातली चित्रं दाखवायला लागला. "ही मुशी. ही पाकट." मी जे 'जलचर' म्हणून वाचलं होतं, त्यांना त्याच्याकडे मासळी बाजारातली नावं होती. तो बोट दाखवेपर्यंत मला तिथे खड्डे दिसत होते. त्याने दाखवल्यावर पाकटीचं शेपूट दिसलं ते दिसलंच. नऊ-साडेनऊला ऊन चढलं तसं ते शेपूट पुन्हा कातळात गेलं. तुमचं म्हणणं तंतोतंत.

कनकादित्याचं दर्शन परतताना घेतलं. लाकडावरचं कोरीवकाम बघायला वेळ काढून जायला हवं, त्याविषयी पुन्हा कधीतरी.

मी परतल्यापासून ओळखीतले बरेच जण 'लोकेशन पाठव' म्हणून मागे लागलेत. मी पाठवत नाही. संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीने जा आणि कंडक्टरशी बोला, असं सांगते. अर्धे लोक तिथेच गळतात, ते ठीकच आहे. रील काढायला बुटासकट हत्तीच्या पाठीवर उभे राहणारे त्या अर्ध्यांत असावेत, अशी माझी आपली आशा. यातून तुमच्या मागे माणसांची रीघ लागली तर मात्र मला दोष द्या. आजींच्या पडवीत एका वेळी दोन माणसांपेक्षा जास्त झोपत नाहीत, हेही मी सगळ्यांना बजावलंय.

काका, तुम्ही त्या रात्री कुठे झोपलात? गाडीतच का? तुमच्या जेवणाचं काय होतं? हे विचारायला हवं होतं. माझी सोय लावून तुम्ही निघून गेलात आणि पहाटे मला जाग येण्याआधी गाडी राजापूरच्या वाटेला लागली. आभार मानायचे राहिले, ते आता मानतेय. मनापासून.

आणि एक काम. येत्या मार्गशीर्षात देवाचे गोठणेला जायचं म्हणतेय. तिथल्या चित्राजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, ते डोळ्यांनी बघायचंय. त्या बाजूला वस्तीची गाडी जाते का, आणि तिच्यावर सध्या कोण आहे, तेवढं कळवाल का? तुमचं नाव सांगितलं तर चालेल ना? म्हणजे आधी ते नाव कळवा.

आपली,
खिडकीशी बसलेली पुण्याची प्रवासी