पाऊस मोजला, पाणी कोण तपासणार?

संपादक महोदय,

हवामान बदलाच्या बातम्यांत पिकांचे नुकसान हेक्टरमध्ये येते, जनावरांचे संख्येत आणि पाण्याचे धरणसाठ्याच्या टक्क्यांत. पाणी किती, हे रोज कळते. ते कसे आहे, हे मात्र कुणी आजारी पडल्याशिवाय छापून येत नाही. माझी तक्रार एवढ्याचीच आहे, कारण पीक आणि जनावर यांचे नुकसान शेवटी त्या पाण्यातच एकत्र येते.

फुलोऱ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला की भाताचे परागकण निकामी होऊ लागतात आणि दाणे पोचट राहतात. एवढी बातमी होते. पण उन्हाने आणि पाण्याच्या ताणाने खुंटलेल्या पिकाने खतातून घातलेले नत्रही (नायट्रोजन) पुरते उचललेले नसते. ते जमिनीत पडून राहते. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे लांबलेल्या उघडिपीनंतरचा पाऊस झोडपूनच काढतो. मग नत्र नायट्रेटच्या रूपात झिरपून विहिरीत जाते आणि खतातले स्फुरद (फॉस्फरस) मातीबरोबर तळ्यात. विहिरीतल्या नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळले तर ते आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते! पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, ती मुख्यतः तान्ह्या मुलांचा विचार करून.

तळ्याचे पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि वाहून आलेल्या स्फुरदावर निळे-हिरवे शेवाळ फोफावते. त्यातल्या काही जातींचे विष यकृतावर घाला घालते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळामुळे चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असे सांगावे लागले होते. माणसांना निदान सूचना तरी मिळाली. गाईला कोण सांगणार?

आणि उन्हाळ्यात गाईला पाणी जास्तच लागते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबताना उष्णता तयार होते, म्हणून ती उकाड्यात चारा कमी खाते, दूध आटते, पाणी पिणे मात्र वाढते. त्यात दुष्काळाने खुरटलेल्या चाऱ्याच्या बुडख्यात नायट्रेट साठलेले असते. असा चारा आणि वर तसेच पाणी, दोन्ही पोटात गेले तर नायट्रेटचे नायट्राइट होते, रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि जनावर काही तासांत दगावू शकते. नोंद मात्र ‘उष्माघात’ म्हणूनही होऊ शकते.

उपाय फार मोठे नाहीत. खत एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावे, ओढ्याच्या काठाने गवताचा पट्टा राखावा, जनावरे तळ्यात न उतरवता हौदावर पाजावीत. पण पाणी तपासलेच नाही, तर हे करायची निकड कुणाला वाटणार? पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरी-तळ्यांची तपासणी झाली पाहिजे आणि तिचे आकडे धरणसाठ्याच्या चौकटीशेजारी छापले पाहिजेत. यातले दुसरे काम आपल्या हातात आहे.

– एक वाचक