गुडघ्यातून नाही, खुब्यातून

सॉल्ट लेक सिटी
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय शुभा,

तुझं दिवाळीचं पत्र परवा मिळालं. पाकिटाला उदबत्तीचा वास होता, म्हणजे लिहून झाल्यावर तू ते देवघराच्या कप्प्यात ठेवून विसरलीस. शाळेतही तुझ्या वह्या अशाच हरवायच्या. तर, खाली कोपऱ्यात घुसवलेली ती ओळ: “अकरा वर्षं पोरीला बॅलेला नेलंस-आणलंस, आणि आता ती सायकलवरून दारोदार धर्म सांगत फिरते. तुला काही वाटत नाही का गं?”

वाटतं. हे फोनवर बोलले असते तर रडले असते आणि तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे.

चिऊनं अठराव्या वर्षी मॉर्मन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. हे आलेच नाहीत. पण खरा धक्का त्या दिवशी नाही बसला. तो बसला चहावर. या लोकांना चहा-कॉफी वर्ज्य. सकाळी ओट्याशी उभं राहून आम्ही दोघी आल्याचा चहा प्यायचो. एका सकाळी सिंकमध्ये एकच कप होता. धर्म बदलतो म्हणजे काय होतं, हे मला त्या कपानं सांगितलं.

गेल्या डिसेंबरात ती मिशनला, म्हणजे धर्मप्रचाराला, गेली. मुलींचं मिशन अठरा महिन्यांचं, मुलग्यांचं दोन वर्षांचं. पगार नाही, उलट घरच्यांनी महिन्याला ५०० डॉलर भरायचे. ह्यांनी पहिल्या महिन्यात बरीच आदळआपट केली, मग एक दिवस जुनी बिलं काढून बसले आणि म्हणाले, बोटांच्या टोकांवर नाचायच्या त्या पॉइंट शूजचा हिशेब याहून फार वेगळा नव्हता. खरंच नव्हता. एक जोडी शंभर डॉलरची, आणि प्रयोगांच्या दिवसांत ती आठवडाभरसुद्धा टिकायची नाही. बुटाचं टोक लाकडाचं असतं असं मला आधी वाटायचं. ते असतं कापड, कागद आणि खळीच्या थरांचं. पायाच्या घामानं मऊ पडलं की संपलं.

तू विचारशील, एवढे सोवळे लोक आणि त्यांच्या गावात बॅले कसा? अगं, इथे आल्यावर मलाही हेच वाटलं होतं. मॉर्मन म्हणजे नाचगाण्याला बंदी असणार! (मॉर्मन म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या, असं त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१८ साली सांगितलंय. चिऊ मला दर वेळी टोकते. माझी जीभ वळत नाही.) पण हे लोक वाळवंटात येऊन पंधरा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा १८६२ साली त्यांनी इथे मोठं नाट्यगृह उघडलं. पुढे ब्रिगम सिटी नावाच्या इथल्याच गावात, मॉर्मन घराण्यात, विलम क्रिस्टेन्सन जन्मला. अमेरिकेत ‘नटक्रॅकर’ हा नाताळातला बॅले पूर्ण लांबीचा पहिल्यांदा बसवला तो त्यानं, १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोत. मग तो परत आला, १९५१ मध्ये इथल्या विद्यापीठात बॅले शिकवायला लागला आणि १९६३ मध्ये त्यानं इथली कंपनी उभी केली, तीच आजची बॅले वेस्ट. त्यामुळे चिऊच्या क्लासात निम्म्याहून जास्त मुली चर्चच्या होत्या. मैत्रिणी त्या, डबे वाटून खाणाऱ्या त्या, घरी सोडणाऱ्या आयाही त्यांच्याच. पोरगी कुठे हातची गेली म्हणून मी रात्र रात्र शोधत बसायचे, आणि गेली तिथे मीच तिला गाडीतून आठवड्यातले पाच दिवस सोडत होते.

आता मिशनचं. तिला पाठवलं डेन्मार्कला. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नसतं, पत्र येतं. प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरात डॅनिश घोटून घेतलं आणि कोपनहेगनला रवानगी; उन्हाळ्यापासून ती ऑर्‌हूसला आहे. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, वाचन, मग जोडीदारणीबरोबर वाचन, मग दिवसभर बाहेर. जोडीदारीण म्हणजे ‘कम्पॅनियन’. ती कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवी. एकटीनं कुठे जायचं नाही. सोमवार सुट्टीचा, कपडे धुण्याचा, आणि आमच्या फोनचा. आधी म्हणे वर्षातून दोनदाच फोन करू द्यायचे, २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. मी असते सकाळच्या आठ वाजता गाऊनमध्ये, तिकडे दुपारचे चार आणि या दिवसांत खिडकीबाहेर अंधारायला लागलेलं.

सुरुवातीला मला वाटायचं, हे रोजचं वेळापत्रक तिला जाचेल. तिलाच विचारलं तर हसली. म्हणाली, “आई, मी सात वर्षांची असल्यापासून दांडीला धरून रोज तेच करत्येय.” तुझ्या कथकच्या क्लासातल्या मुली जसा रोज तत्कार करतात, तसा बॅलेत प्लिए. कितीही मोठी नर्तकी असो, सकाळी दांडीला हात लावून आधी गुडघेच वाकवते. आणि डेन्मार्कचा तर कहरच. तिथला बुर्नोनव्हील म्हणून एकोणिसाव्या शतकातला मोठा बॅले-गुरू. त्याच्या शिष्यांनी त्याच्यामागे वारांचे क्लास लावून ठेवले. सोमवारचा क्लास, मंगळवारचा क्लास, असे शनिवारपर्यंत सहा. ठरलेलं संगीत, ठरलेला क्रम. आपल्याकडे सोमवार शंकराचा आणि मंगळवार गणपतीचा, तसं. चिऊ म्हणते, कंटाळा येतोच, पण कंटाळ्याचं काय करायचं ते पायांना माहीत असतं.

याच बुर्नोनव्हीलवरून तिनं मला आणखी एक दाखवलं. कोपनहेगनच्या मोठ्या चर्चमध्ये थोरवाल्डसेननं घडवलेला संगमरवरी येशू आहे. त्याची प्रतिकृती इथल्या चर्चच्या आवारात, टेम्पल स्क्वेअरमध्ये, वर्षानुवर्षं होती, तू आली होतीस तेव्हा आपण तिच्यासमोर फोटो काढला. तिनं मूळ मूर्ती पाहिली आणि मला लिहिलं, “हात बघ. खाली, अर्धे उघडे, मनगटं सैल. बुर्नोनव्हीलच्या मुलींचे हात असेच असतात.” दोघे एकाच शहरातले, एकाच काळातले. याचा त्याच्याशी काही संबंध असेल असं नाही, पण देवासमोर उभी राहून माझी मुलगी मनगटं बघत होती, याचा मला फार आनंद झाला. ते कोणाला सांगू नकोस.

आता मुख्य गोष्ट. आपली आजी आंबे कसे मोजायची आठवतं? “तीन विसा आणि पाच.” डॅनिश लोक आकडे तसेच मोजतात. साठ म्हणजे तीन विसा. पन्नासला ते ‘हाल्त्रेस’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः अडीच विसा! आणि अडीचही आपल्यासारखंच, ‘अर्धा तिसरा’. बाकीची अमेरिकन पोरं या आकड्यांपाशी रडतात, चिऊला ते पहिल्या आठवड्यातच जमले. पणजीची पुण्याई. त्यामुळे झालं काय, की भाषा तिच्या तोंडात बसली आणि तोंडाचा पट्टा सुटला. तिची त्या वेळची कम्पॅनियन आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरची, लाजाळू. ती वाक्य जुळवेपर्यंत चिऊ बोलून मोकळी. दारं तरीही बंदच. दोघींचं तीन दिवस बोलणं नाही, आणि एकमेकींपासून लांब जायचीही सोय नाही.

तेव्हा तिला पंधराव्या वर्षीची तालीम आठवली. नटक्रॅकरमधला हिमकणांचा नाच, अठरा मुली. चिऊचा पाय सगळ्यांत वर जायचा आणि बाहेरच्या बाकावरून काचेतून बघताना माझी छाती फुगायची. बाई तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “पाय खाली. रांगेत सगळ्यांत उंच पाय हा चुकलेला पाय.” त्या रात्री गाडीत मी त्या बाईंना नाही नाही ते बोलले होते. चिऊ गप्प होती. रांगेत नाचायचं तर शेजारणीचा श्वास ऐकावा लागतो, डोळ्याच्या कडेनं तिचा खांदा बघत राहावा लागतो. मान वळवली तरी चूक.

तर तिनं पाय खाली घेतला. पुढच्या दारी ती गप्प उभी राहिली आणि त्या शेतावरच्या मुलीला बोलू दिलं. दार एका ऐंशीच्या बाईंनी उघडलं होतं, म्हणजे चार विसांच्या. त्यांनी अर्धं वाक्य ऐकलं, कपाळाला हात लावला आणि दोघींना आत घेतलं. धर्म ऐकायला नव्हे, तर त्या मुलीचे उच्चार सुधारायला! पेशानं शाळामास्तरीण. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली, माझ्या घरात देवाचं नाव काढायचं नाही. कॉफी नाही पीत म्हटल्यावर एल्डरफ्लॉवरचं सरबत दिलं. तेव्हापासून दर गुरुवारी या दोघी त्यांच्याकडे जातात, वाचून दाखवतात, पायऱ्या साफ करतात. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात आयडाहोवाली गेली, दुसरी आली, पण गुरुवार चालू आहे.

मी तिला खवचटपणे विचारलं, मग तुमचं काम काय झालं? त्या बाई काही तुमच्यात येणार नाहीत.

ती म्हणाली, “आई, टर्नआउट गुडघ्यातून काढायचा नसतो.”

शुभा, तुला हे समजावून सांगायला हवं. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असतात ना, ते वळण खुब्यातून यावं लागतं. खुब्याच्या हाडाची ठेवण जन्माची. सरावानं थोडं वाढतं, फार नाही. नसेल तर मुली काय करतात, पावलं जमिनीवर दाबून धरतात आणि गुडघा पिळतात. आरशात छान दिसतं. चिऊनं सतराव्या वर्षी तेच केलं. एका मोठ्या शाळेच्या निवडीत तिला खुबा कमी पडतो म्हणून नाकारलं होतं. इरेला पेटून तीन महिने गुडघ्यातून काढलं आणि गुडघा नारळाएवढा सुजला. सहा महिने नाच बंद. त्या सहा महिन्यांत ती मैत्रिणीबरोबर रविवारी चर्चला जायला लागली. कारण काय, तर तिथे बसायचं असतं. बाकीचं तुला माहीत आहे.

तर ती म्हणाली, त्या बाईंचं वळण खुब्यातून येत नाही, मी त्यांचा गुडघा कशाला पिळू? तिच्या वरच्या लोकांना हे कितपत पटत असेल, मला शंका आहे. आठवड्याला किती जणांना भेटलात ते त्यांना कळवावं लागतं. पण मी पुढे काही बोलले नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षांपूर्वीचं आमचं स्वयंपाकघर आलं. मी तिला आजोबांची शपथ घातली होती. पुण्याच्या आत्यांना फोन लावून हातात दिला होता. दोन दिवस जेवले नव्हते, आणि जेवत नाही हे तिला दिसेल असं ताट तिच्यासमोर सरकवलं होतं. पिळलाच की मी गुडघा.

सगळ्याच उपमा काही तिच्या बरोबर नसतात हं. गिरकी घेताना नजर एका ठिकाणी रोवायची, डोकं शेवटी फिरवायचं आणि आधी आणायचं, म्हणजे भोवळ येत नाही. तुझ्या मुलींनाही चक्कर घेताना तू हेच सांगतेस. ती म्हणते, दिवसभर नकार ऐकताना मी तसंच प्रार्थनेकडे बघते. मला नाही पटलं. नजर रोवलेल्या माणसाला मधलं काही दिसत नाही. त्या मधल्यात आम्ही आहोत. हे मी तिला बोलून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आरसा नाही ना इथे, आई. क्लासात चुकलं की लगेच दिसायचं.” आणि मग ती रडली, अकरा महिन्यांत पहिल्यांदा. थंडी, अंधार, चाळीस दारं, आणि डिसेंबर येतोय. हे असं विस्कळीत सगळं बोलली. लहानपणापासून डिसेंबर म्हणजे नटक्रॅकर. आता त्या सुरावटी दुकानांतून वाजतात आणि सायकल धरलेल्या हाताची बोटं आपोआप सरळ होतात, म्हणाली. मी काही उपदेश केला नाही. तिला माझा चहा उकळताना दाखवला, आलं किसताना कॅमेरा खाली धरला. ती बघत राहिली. मग म्हणाली, “वास आठवला.”

बस, इतकंच सांगायचं होतं. त्यांचा देव मला अजूनही परका आहे आणि राहील. हे तर नावही काढत नाहीत, फक्त सोमवारी सकाळी ऑफिसला उशिरा जातात.

आता तुझ्याकडे एक काम. ती जूनमध्ये परत येईल. इथे अशी मुलं आली की विमानतळावर सगळं गणगोत जमतं, फुगे, मोठाले फलक, आरडाओरडा. शेजारीण आत्तापासून विचारते आहे, तुमच्या फलकावर काय लिहायचं? इंग्रजीत सगळे ‘वेलकम होम’ लिहितात. मला मराठीत हवंय, आणि माझं अक्षर तुला माहीत आहे. तू बोरूनं छान मोठं लिहून फोटो पाठव, मी इथे छापून घेईन. फक्त ‘सुस्वागतम्’ नको, गॅदरिंगला पाहुणे आल्यासारखं वाटतं. मला दोन शब्द सुचले होते, ‘चहा टाकलाय’, पण ते तिला टोचेल का? तूच ठरव आणि कळव. ह्यांना विचारलं तर म्हणाले, गुडघा कसा आहे ते विचारा फलकावर.

भाऊजींना नमस्कार. चकल्यांची भाजणी संपली आहे, कुणी येणार असेल तर अर्धा किलो पाठव.

तुझीच,
नंदू