तेरा संघांना हवा असलेला खेळाडू

‘एनबीएतील फिरस्ते’ हा एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगविषयीचा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. वारंवार संघ बदलणारा खेळाडू म्हणजे कुठेच न टिकलेला, हा त्यातील सूर मुळीच पटला नाही. इश स्मिथचेच उदाहरण घ्या. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, या सहा फुटी पॉइंट गार्डला (चेंडू पुढे नेऊन चाली रचणाऱ्या खेळाडूला) कोणीही निवडले नाही. तरी पुढे तो १३ एनबीए संघांकडून खेळला, आणि तो विक्रम ठरला. डिसेंबर २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने ३१ पैकी ३० सामने गमावले होते. चेंडू धडपणे पुढे नेणारा कोणी नव्हता. तेव्हा न्यू ऑर्लिन्सला ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतील दोन निवडींचे हक्क देऊन त्यांनी स्मिथला परत आणले आणि पहिल्याच सामन्यात फिनिक्सला हरवले. नको असलेल्या माणसासाठी कोणी एवढे मोजत नाही! शिवाय अदलाबदलीचा निर्णय संघ घेतात. मोठ्या सौद्यात पगारांचा हिशेब जुळवायला छोट्या कराराच्या खेळाडूचे नाव घातले जाते. त्याने मात्र काही दिवसांत नव्या प्रशिक्षकाच्या चाली पाठ करून मैदानात उतरायचे. २०२३ मध्ये डेन्व्हरने पहिले एनबीए विजेतेपद पटकावले, त्या संघातही स्मिथ होता. लेखकाने या बाजूवरही जरूर लिहावे.

– एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, नागपूर