टाकी, टीव्ही आणि आजीची स्क्रीन

म्युनिक, जानेवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेले फोटो आणि दादाचा लांबलचक व्हॉइस मेसेज, दोन्ही मिळालं. फोनवर बोलायला बसलं की आई "जेवलीस का"वर येते आणि निम्म्या गोष्टी राहून जातात, म्हणून लिहूनच काढते आहे. दादा, याची प्रिंट काढून मीटरच्या पेटीच्या दारामागे लावून ठेव. वायरमन काका आले की त्यांनाही वाचता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नाशिकच्या घरातले दिवे, मोटर, टाकी, स्क्रीन यांचं मी इथून काहीही करत असले तरी त्या घरात राहता तुम्ही. त्यामुळे भिंतीवरचं एकही बटण निकामी होता कामा नये. इंटरनेट नाही, तो छोटा कॉम्प्युटर बंद, मी फोन उचलत नाही, अशा दिवशीही दिवा लागला पाहिजे, पंखा फिरला पाहिजे आणि मोटर लावता आली पाहिजे. म्हणूनच रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्याने चालणारे छोटे स्विच, जुन्या बटणांच्या मागे, बोर्डाच्या आत बसवायला सांगितले होते. दादा, तुला आवडलेल्या काचेच्या टच पॅनलला माझा विरोध आहे तो याचसाठी. आजीच्या बोटांचा स्पर्श टचला धड कळत नाही, आणि अंधारात भिंत चाचपली तर साधं बटण हाताला लागतं, काच नुसती गुळगुळीत लागते.

आता टाकी. बाबा, तुम्ही वहीत लिहून ठेवलंत ते फार कामाला आलं. पहाटे स्क्रीनवर ३५० लिटर, नऊ वाजता मोटर न लावता ६५०. म्हणजे पाणी तेवढंच आहे, माप चुकतंय. झाकणाला बसवलेला सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि पाण्यावरून परत आलेला प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून अंतर काढतो. थंड हवेत आवाज थोडा सावकाश जातो. १० अंशांना सेकंदाला साधारण ३३७ मीटर, ३५ अंशांना ३५२. पण त्याने एका मीटरमागे चारेक सेंटीमीटरचा फरक पडेल. आपल्या हजार लिटरच्या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे साधारण दहा लिटर धरले, तरी चाळीस लिटर होतात, तीनशे नाहीत. तीनशेचं कारण दव. जानेवारीत नाशिकची रात्र कडक असते, टाकीतलं पाणी मात्र हवेपेक्षा उबदार राहतं. ती ओल झाकणावर आणि सेन्सरच्या तोंडावर थेंब होऊन बसते आणि प्रतिध्वनी विस्कटतो. ऊन आलं की थेंब सुकतात आणि आकडा ताळ्यावर येतो.

यावर मी इथून एक बदल केला आहे. आता तो दर वेळी पाच मापं घेतो आणि त्यातलं मधलं धरतो. सरासरी काढली असती तर एखादं भलतं माप सगळ्यांना आपल्याकडे ओढून नेतं, मधलं माप तसं हलत नाही. दादा, तुझ्याकडचं काम एवढंच की सेन्सर झाकणाच्या वर पाव मीटर उंच बसवून घे. अगदी जवळच्या वीस-पंचवीस सेंटीमीटरमधलं या सेन्सरला ओळखता येत नाही, त्यामुळे टाकी काठोकाठ भरली की तो गोंधळतो.

पण बाबा, मोटर बंद करायचा अधिकार या सेन्सरला द्यायचा नाही. तो फक्त स्क्रीनवर आकडा दाखवण्यासाठी आहे. मोटर बंद करेल तो साधा फ्लोट, पाण्याबरोबर वर येणारा आणि आपल्या वजनाने पडणारा. वरच्या टाकीत एक, खालच्या टाकीत एक. वरचा ओव्हरफ्लो थांबवेल, आणि खालच्या टाकीतलं पाणी संपलं की खालचा मोटर थांबवेल, म्हणजे ती कोरडी फिरून जळणार नाही. याशिवाय मोटरजवळच्या चिपमध्येच चाळीस मिनिटांची मर्यादा घातली आहे. ती वेळ ती स्वतः मोजते, वायफाय असो वा नसो.

मोटरच्या बाबतीत मी हट्टी आहे, ते पटावं म्हणून कारण सांगते. आपली मोटर एक एचपीची, म्हणजे ७४६ वॅटची. पण सुरू होण्याच्या क्षणी ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. १० अँपिअर लिहिलेल्या छोट्या रिलेने ती थेट चालवली तर आज ना उद्या रिलेचे संपर्क ठिणगीने एकमेकांना चिकटतात. मग फोनवर "बंद" दिसतं आणि गच्चीवरून पाणी वाहत राहतं. म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भार पेलणारा मोठा स्विच, हवाच. रिले कॉन्टॅक्टरची कॉइल चालवेल आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टर पेलेल. हे काम वायरमन काकांचं. मेन बंद केल्याशिवाय कुणीही पेटीत हात घालायचा नाही.

इथे ऑफिसात हे सांगायला गेले तर आधी गच्चीवर टाकी कशाला, इथूनच सुरुवात करावी लागते. म्युनिकला मांगफाल नदीच्या खोऱ्यातून १८८३ पासून पाणी उतारानेच येतं, नळ चोवीस तास चालतो. त्यामुळे इथल्या लोकांची घरातली यंत्रणा खिडक्यांचे शटर आणि हीटर यांच्याभोवती फिरते. तयार वस्तू बनतात त्याही त्यांच्या गरजेच्या. आपल्या गरजेचं आपल्यालाच जोडून घ्यावं लागतं आणि ते होतंही छान. हे सगळं चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये सुरू झालं, ते फुकट आणि खुलं आहे. सगळी माहिती आपल्याच घरातल्या त्या छोट्या कॉम्प्युटरवर, रास्पबेरी पायवर, राहते, कुणा कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. मला ते मनापासून आवडतं.

हॉलमधल्या टीव्हीचं सांगते. वीज जाऊन आली की टीव्ही लावल्यावर "नो सिग्नल" येतं, याचं कारण टीव्ही आणि त्याला चित्र पाठवणारा रास्पबेरी पाय, दोघांच्या सुरू होण्याच्या वेळा. पाय चालू होताना केबलमधून टीव्हीला विचारतो, तू किती मोठा, कुठलं चित्र दाखवू शकतोस. आई टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करते आणि ते बरोबरच आहे. पण समोरून उत्तर आलं नाही की पाय चित्र पाठवणंच सोडून देतो. आई, तू तुझी सवय बदलू नकोस. मी पायलाच सांगून ठेवलं आहे की उत्तर येवो न येवो, १९२० बाय १०८० चं चित्र पाठवत राहा. दादा, केबल मात्र पॉवरच्या सॉकेटला लागून असलेल्या पहिल्या मायक्रो एचडीएमआयमध्येच असू दे, दुसऱ्यात नको. आणि टीव्ही फोर-के आहे तर चित्र फोर-के का नाही, असं तू विचारलंस. फोर-के म्हणजे बरोबर चौपट ठिपके. आकडे आणि अक्षरं दाखवायला त्यांचा काही उपयोग नाही, पाय मात्र तेवढ्याने धापा टाकायला लागतो.

वरची तारखेची ओळ अर्धी कापली जाते ती टीव्हीची जुनी खोड. काचेच्या नळीच्या टीव्हींच्या काळात चित्राच्या कडा खराब दिसत, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा झाकायची पद्धत पडली आणि ती अजून चालू आहे. चित्राच्या सेटिंगमध्ये आकार म्हणून काहीतरी असेल, तिथे "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" किंवा "१:१" यांपैकी जे दिसेल ते निवड. प्रत्येक टीव्हीत नाव वेगळं असतं.

आजीची स्क्रीन हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. तिच्या खोलीबाहेरच्या टॅबवर आत्ता तापमान, आर्द्रता, युनिट, रंगीत गोल, सगळं दाटीवाटीने आहे. ते तंत्र कळणाऱ्या माणसाला बरं वाटतं, आजीला नाही. मी ते काढून टाकलं आहे. उद्यापासून चारच ओळी दिसतील, मोठ्या देवनागरी अक्षरांत. गेट बंद आहे की उघडं. पाणी भरपूर आहे की मोटर लावायला हवी. पुढची गोळी किती वाजता. आणि तिथी. लाल-हिरव्या रंगावर काहीच सोडलेलं नाही, शब्दच लिहिले आहेत, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही रंगांचं तिला नीट जमत नाही असं ती म्हणाली होती. रात्री दहानंतर स्क्रीन काळी होईल आणि अक्षरं मंद, म्हणजे उजेड डोळ्यांवर येणार नाही.

तिथीचं गणित मी स्वतः तपासून पाहिलं. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, आणि त्या दिवसाची म्हणून सूर्योदयाच्या वेळी असलेली तिथी धरतात. त्यामुळे ठिकाण नाशिकचंच घातलं आहे, २० अंश उत्तर आणि पावणेचौऱ्याहत्तर अंश पूर्व. भारताची घड्याळी वेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, थोडा मागेपुढे. संकष्टीला चंद्रोदयाची वेळही दिसेल. आजी, तू ती शेजारच्या कॅलेंडरशी ताडून बघ आणि मिनिटाचाही फरक दिसला तर मला सांग.

तो टॅब सतत चार्जिंगला असतो, ते थांबवायला हवं. बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर आणि वर मे महिन्याची उष्णता, असं झालं की ती फुगते. स्मार्ट प्लगला लाव, ३० वर आला की चार्जिंग सुरू आणि ८० वर बंद असं मी लावून दिलं आहे. मागचं झाकण उचललेलं वाटलं तर लगेच काढून ठेवा.

गेटचा सेन्सर वीज गेली की गायब होतो, याचा छडा वहिनीनेच लावला. तिने सांगितलं की इन्व्हर्टर चालू असतानाच हे होतं. तो सेन्सर झिगबीवर, म्हणजे कमी ताकदीच्या बिनतारी लहरींवर, बोलतो आणि त्याचा आवाज लांब पोचत नाही. स्लॅब आणि लोखंड मध्ये आलं तर आणखीच कमी. म्हणून वाटेतला विजेवर चालणारा प्लग त्याचा निरोप पुढे देतो. बॅटरीवरचे सेन्सर दुसऱ्याचा निरोप नेत नाहीत. आणि जिन्यातला तो प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर नाही! वहिनी, शाब्बास. तो प्लग पॅसेजच्या इन्व्हर्टरवाल्या सॉकेटवर हलवायचा, बस. राउटरलाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लागेल, तो एमजी रोडवर मिळून जाईल. हे निरोप पायपर्यंत पोचवणारी झिगबीची स्टिक पायच्या निळ्या यूएसबी सॉकेटजवळ नको, त्या सॉकेटचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो. अर्ध्या मीटरची एक्स्टेन्शन वायर लावून ती लांब ठेव.

दादा, इथून काही आणायला सांगू नकोस. वीज इथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, पण प्लगच्या पिना वेगळ्या आणि बल्ब आट्यांचे, आपले दोन पिनांचे. झेड-वेव्ह या दुसऱ्या बिनतारी पद्धतीच्या वस्तूंची तर फ्रिक्वेन्सीच वेगळी, युरोपात ८६८ आणि भारतात ८६५ मेगाहर्ट्झ.

काकांनी सुचवलं की हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात कॅमेरे लावले तर मला इथून सगळं दिसेल. त्यांची काळजी खरी आहे, पण मला ते नको. आई स्वयंपाकघरात कशी वावरते हे मी न विचारता पाहावं, असं नातं मला नको आहे. गेटवर एक पुरे. आजीसाठी रात्री पॅसेजमधून बाथरूमपर्यंत जमिनीलगतचा दिवा आपोआप लागेल, मंद पिवळा, आणि पाच मिनिटांनी विझेल. तो दिवा लावणारा सेन्सर अंगाची उष्णता हलताना ओळखतो. भर मे महिन्याच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापते तेव्हा तो जरा कमी पडतो, रात्री अडचण नाही.

वायरमन काका रविवारी येणार असतील तर दुपारी साडेबारानंतर बोलवा. इथे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात, मी व्हिडिओवर बसून असेन. दादा, कॉन्टॅक्टर घेताना कॉइल २३० व्होल्टची आहे हे डब्यावर स्वतः वाचून घे. ४१५ ची दिसायला अगदी तशीच असते आणि आपल्या सिंगल फेजवर ती ओढणारच नाही. दोन फ्लोट घेतलेस की त्यांच्या वायरची लांबी मला कळव, खालच्या टाकीपर्यंत पुरते का ते आधी मोजायला हवं.

आजीला साष्टांग नमस्कार. बाकीच्यांना यथायोग्य.

तुमची,
धाकटी