रिक डीमाँटच्या नावापुढे एक ओळ हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर उत्तेजकांमुळे पदक गमावलेल्या ऑलिंपिक खेळाडूंची यादी होती. बेन जॉन्सनच्या खाली दोन नावं सोडून ‘रिक डीमाँट, अमेरिका, म्युनिक १९७२, पुरुषांची ४०० मीटर फ्रीस्टाइल, इफेड्रिन (दम्याचे औषध)’ अशी नोंद होती. नोंदीतला एकही शब्द चुकलेला नाही. पण माझा चौदा वर्षांचा मुलगा तो पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “आई, कंसात बघ काय लिहिलंय. म्हणजे पंप घेणारे चीटरच ना?” त्याला मी जे सांगितलं ते आपल्या वाचकांपर्यंतही जावं, म्हणून हे पत्र.

मुलाला चौथ्या वर्षापासून दमा आहे. आमच्याकडे ऊस तुटला की शेतात पाचट पेटवतात. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी गावावर धूर बसतो आणि रात्री दोन-अडीचला याची छाती वाजायला लागते. मग उशीला टेकवून बसवायचं, पंप द्यायचा आणि उजाडायची वाट बघायची. पोहायला घाला, असं डॉक्टरांनीच सांगितलं. तलावावरची हवा ओलसर, कोरड्या हवेत धावण्यापेक्षा ती दमेकऱ्याला सोसते. (क्लोरीन जास्त झालं की तीच हवा छळते, हेही आम्ही सोसलंय.) पोहता पोहता ४०० मीटर फ्रीस्टाइल ही त्याची आवडती शर्यत झाली.

मागच्या वर्षी एका स्पर्धेत, शर्यतीला दहा मिनिटं असताना, एक जाणते गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “वहिनी, तो पंप पर्समध्ये टाका. कुणी बघितलं तर डोपिंगचं लफडं व्हायचं.” माणूस भला आहे, मुलांसाठी राबतो, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मुलाने ते ऐकलं आणि शर्यतीआधीचे दोन फवारे घेतलेच नाहीत. पन्नास मीटरचा तलाव, आठ फेऱ्या. पाच नीट गेल्या. सहाव्या फेरीत मधोमध त्याने लेनची दोरी धरली. खांदे कानापर्यंत चढलेले, गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी गॅलरीतून पंप घेऊन अनवाणी धावले. फवारा आत गेल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, “कुणी बघितलं का?”

त्या रात्री मी त्याला डीमाँटची गोष्ट सांगितली होती. आपली यादी वाचून ती त्याला खोटी वाटली, याचं मला फार वाईट वाटलं.

डीमाँट म्युनिकला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. कॅलिफोर्नियातला मुलगा, लहानपणापासून दमेकरी. डॉक्टरांनी लिहून दिलेली मॅरॅक्स नावाची गोळी तो घ्यायचा. त्या गोळीत इफेड्रिन होतं आणि इफेड्रिन आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या बंदीच्या यादीत होतं. आता महत्त्वाची गोष्ट. ऑलिंपिकआधी खेळाडूंकडून जो वैद्यकीय अर्ज भरून घेतला, त्यात त्याने आपला दमा आणि आपलं औषध, दोन्ही लिहिलं होतं. काही लपवलं नव्हतं. तो कागद वाचून ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय मंडळाला विचारायचं काम अमेरिकेच्या पथकाच्या डॉक्टरांचं होतं. ते झालं नाही. वेळेत कुणी सांगितलं असतं तर गोळी बदलता आली असती.

१ सप्टेंबरची अंतिम शर्यत. आदल्या रात्री छाती भरून आली म्हणून त्याने नेहमीची गोळी घेतली. शर्यतीत तो सुरुवातीला मागे होता. ४०० मीटरमध्ये हा धीर सगळ्यांना जमत नाही. शंभर मीटरसारखं जीव तोडून निघालं तर सहाव्या फेरीत हात जड होतात आणि १५०० सारखं सावकाश गेलं तर पुढच्याला गाठायला पाणीच उरत नाही. डीमाँटने दम राखला आणि उत्तरार्धात एकेकाला मागे टाकत ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरला अगदी भिंतीजवळ गाठलं. डीमाँट ४ मिनिटं ००.२६ सेकंद, कूपर ४ मिनिटं ००.२७. एका सेकंदाचा शंभरावा भाग. त्या वेगाने तेवढ्या वेळात माणूस पाण्यात जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकतो. मी मुलाला बोटाचं पेर दाखवलं होतं, त्याहूनही कमी.

तिसरा आलेला अमेरिकेचाच स्टीव्ह गेंटर थोड्याच दिवसांपूर्वी निकामी झालेल्या फुप्फुसावर शस्त्रक्रिया करून घेऊन उतरला होता. श्वासाशी झुंजणारे दोघं एका शर्यतीत, आणि त्यातल्या एकाला श्वासाच्या औषधानेच बाद केलं.

चाचणीत इफेड्रिन सापडलं. दरम्यान डीमाँट १५०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. त्या अंतराचा विश्वविक्रम तेव्हा त्याच्याच नावावर होता. ४ सप्टेंबरला ती शर्यत पोहण्यासाठी तो तलावावर आला असताना त्याला सांगण्यात आलं की तुला उतरता येणार नाही. शर्यत त्याच्याशिवाय झाली, माइक बर्टनने नव्या विश्वविक्रमासह ती जिंकली. दुसऱ्याच दिवशी म्युनिकमध्ये इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला. त्या भीषण घटनेपुढे एका मुलाच्या तक्रारीकडे जगाचं लक्ष जाणार तरी कसं? पदक काढून घेतलं गेलं. कूपरला सुवर्ण, गेंटरला रौप्य, चौथ्या आलेल्या टॉम मॅक्ब्रीनला कांस्य.

हा मुलगा खचला नाही. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, बेलग्रेडला पहिली जागतिक जलतरण स्पर्धा झाली. तिथे पुन्हा तोच आणि तोच कूपर. डीमाँट ३ मिनिटं ५८.१८ सेकंद, कूपर ३ मिनिटं ५८.७०. चार मिनिटांच्या आत ४०० मीटर पोहणारा डीमाँट जगातला पहिला पुरुष. एप्रिल २०२५ मध्ये जर्मनीच्या लुकास मेर्टेन्सने स्टॉकहोममध्ये ३ मिनिटं ३९.९६ सेकंदांचा विक्रम केला, त्या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा दमेकरी पोराने ओलांडलेला आहे. पुढे डीमाँट अ‍ॅरिझोना विद्यापीठात प्रशिक्षक झाला, आणि जलरंगातली चित्रंही काढू लागला.

२००१ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने त्याची वैद्यकीय माहिती आपल्याकडून नीट हाताळली गेली नाही, हे मान्य केलं. आंतरराष्ट्रीय समितीने मात्र पदक परत दिलेलं नाही. नियम म्हणजे नियम, शरीरात द्रव्य होतं, असं त्यावर म्हणता येईल, आणि ते मला पूर्ण उडवून लावता येत नाही. कूपरचीही यात काही चूक नाही, त्याच्या गळ्यातलं पदक कुणी काढू नये. पण तोडगा आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या जिम थॉर्पची पदकं हौशी खेळाडूच्या नियमावर (खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत) बोट ठेवून काढून घेतली होती. १९८२ मध्ये समितीने त्याला पुन्हा विजेता मानलं, तेही आधी सुवर्ण मिळालेल्यांची पदकं तशीच ठेवून. थॉर्प तोवर वारला होता. डीमाँटचा जन्म १९५६ चा. त्याच्या बाबतीत हे त्याच्या डोळ्यांदेखत व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्याकडच्या आईवडिलांसाठी थोडं. सालब्युटामोलचा, म्हणजे दम्यात श्वास मोकळा करणारा पंप आज बंदी असलेला नाही, त्याला मर्यादा आहे. चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. नेहमीच्या पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, त्यावरून हिशोब करा. इफेड्रिन स्पर्धेच्या काळात आजही ठरावीक प्रमाणावर बंदच आहे. सोमलता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इफेड्रा वनस्पतीत ते निसर्गतःच असतं, तेव्हा दम्याचं आयुर्वेदिक औषध असलं तरी विचारून घ्या. बंदी असलेलं औषध खरंच लागत असेल तर उपचारासाठी आगाऊ परवानगी मागता येते. दर १ जानेवारीला बंदी असलेल्या औषधांची नवी यादी लागू होते, ती प्रशिक्षकाने बघितलीच पाहिजे. औषध लपवलं की पोराच्या जिवाशी गाठ असते आणि कागदावरही ते दोषी दिसतं.

आमचा मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा ४०० मीटर पोहतोय. प्रवेशअर्जाला औषधाची चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने जोडली आहे, आणि पंप टॉवेलवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचं आमचं ठरलंय.

आपल्याकडे एकच मागणी. ती यादी पुन्हा कधी छापलीत तर डीमाँटच्या नावापुढे एवढं जरूर लिहा: ‘औषध अर्जात नोंदवलेले होते.’

आपली नम्र,
एका दमेकरी जलतरणपटूची आई, जि. सांगली