अडतंय ते सहीवर

संपादक महोदय,
स. न.

यंत्रमागाची बातमी आली की सुताचा भाव, विजेचा दर, जीएसटी एवढंच छापून येतं, ते सगळं खरंय, पण आमच्यासारख्या घरच्या कारखान्यात गाडी घरातच अडते, त्यावर कोण बोलत नाही म्हणून लिहितेय.

अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना. सोळा माग, सगळे जुन्या धोट्याचे, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारा धोटा असलेले. त्यातली सुताची कांडी संपली की कामगार माग थांबवतो, दुसरी भरतो, परत चालू, दिवसभर हेच. रॅपियर या नव्या बिनधोट्याच्या मागाला कांडीच नाही, आडवं सूत थेट कोनावरून येतं. काकांना हे माहीत नाही असं नाही, नुसत्या आवाजावरून कुठला माग बिघडलाय ते सांगतात, माझ्या डिप्लोमापेक्षा त्यांचं ज्ञान मोठंय हे मी मनापासून मानते.

पण जागा पप्पा आणि तीन काका, अशा चार भावांच्या नावावर. १९९९ ला केंद्राची टफ योजना आली, नवीन मशीनच्या कर्जाला व्याजात सवलत होती, नंतर पप्पांनी फाईल केली, बँकेला तारणासाठी चौघांच्या सह्या पाहिजे होत्या आणि एका काकांनी केली नाही. घरात मुलीचं लग्न होतं, कर्ज थकलं तर सगळ्यांचीच जागा जाणार. त्यांना मी दोष देत नाही. तोटा कुणी सोसायचा आणि फायदा कुणाचा हे ठरलेलंच नसतं ओ, मग प्रत्येक गोष्टीला "पुढच्या सीझनला बघू".

मागच्या वर्षी बेंगळुरूच्या एका हॉटेलवाल्याला नाव विणलेले टॉवेल पाहिजे होते, माल थोडा पण दर चांगला. आमच्याकडं जकार्डची (मागावर नक्षी विणणारं यंत्र) पुठ्ठ्याची कार्डं, नवीन डिझाईन म्हणजे ग्राफ काढा, एकेक कार्ड पंच करा, दोऱ्यानं ओवा. इलेक्ट्रॉनिक जकार्डला फाईल बदलली की काम झालं. दोन मागांना बसवू म्हटलं, चौघांना विचारेपर्यंत दीड महिना गेला आणि गिऱ्हाईक पण गेलं.

२००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. हिशेब मीच लिहिते, पण कारखान्याचं बोलणं चालू असताना चहा घेऊन गेले तर मला कोण बस म्हणत नाही, याचं फार वाईट वाटतं.

आपल्या पेपरनं सीए, वकील आणि कारखानदारांना एकत्र बसवावं, राहतं घर धंद्याच्या कर्जातून बाजूला कसं ठेवायचं, भावाभावांत लेखी करार कसा करायचा हे सोप्या भाषेत सांगावं. मी घरी दोन मागांचं वेगळं खातं मागितलंय, एका वर्षासाठी. काका दिवाळीपर्यंत सांगतो म्हणालेत.

आपली,
एका यंत्रमागधारकाची मुलगी, सोलापूर