शेपूला नावं ठेवणाऱ्यांसाठी

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत हल्ली ज्या रेसिप्या येतात त्यात पनीर, चीज नाहीतर मेयोनीज, मंडईतल्या शेपू-अळूला कोणी विचारत नाही. शेपूच्या वासाला नावं ठेवणारे आमच्याही घरात आहेत, पण पाण्यात शिजवलेला लगदा वाढला तर ते तरी काय करणार! मूगडाळ तासभर भिजवायची, लोखंडी कढईत सढळ हाताने तेल, ठेचलेला लसूण चांगला लालसर होऊ द्यायचा, हिरवी मिरची, मग डाळ, ती बोटांनी दाबली की तुटली पाहिजे पण पीठ नाही झालं पाहिजे, तेव्हा बारीक चिरलेला शेपू घालायचा आणि झाकण न ठेवता परतायचा, पाणी आटलं की गॅस बंद. मीठ शेवटी, कारण पालेभाजी आळते आणि आधी टाकलं की हमखास जास्त होतं. सोबत ज्वारीची भाकरीच, चपातीबरोबर मला तरी मजा येत नाही.

भेंडी धुवून, पुसून, कोरडी करूनच चिरा आणि दोन आमसुलं टाका, तार कमी होते. अळूला तर चिंच हवीच, नाहीतर घसा खवखवतो, पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात ना.

आणि कारल्यासाठी पोरांवर जबरदस्ती कशाला, आमच्याकडे पडवळ बघून ताटावरून उठणारे आजोबा आहेत, त्यांना कोण बोलतंय!

तर आठवड्यातून एक साधी भाजी छापा, फोटो चकचकीत नसला तरी चालेल.

आपली एक वाचक, सातारा